थुंकीत दिसलेली लाल काडी कोणाची?

प्रश्न देवगड तालुक्यातून आला आहे आणि तो थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत होते, तिथेच साधारण ३० वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला आणि औषधांनी तो बरा झाला. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना खोकला, बेडका आणि संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, वजन घटले. खासगी दवाखान्यात थुंकीची स्लाइड पॉझिटिव्ह निघाली, म्हणून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स दिला गेला. एकही गोळी चुकली नाही, तरी शेवटच्या तपासणीत स्लाइड पुन्हा पॉझिटिव्ह आहे आणि सीबीनॅट, म्हणजे जंतूचे जनुक शोधणारी तपासणी, मात्र निगेटिव्ह आहे. आता डॉक्टर म्हणतात की हा टीबी नसून 'एनटीएम', म्हणजे क्षयरोगाच्या जंतूचा एखादा भाऊबंद, असावा. दोन तपासण्या परस्परविरुद्ध कशा, घरातल्या लहान मुलांना धोका आहे का, आणि या आजारांवर संशोधन करणारी माणसे नेमके काय करतात, असे मुलाने विचारले आहे.

मी गेली ३० वर्षे कोकणात छातीच्या आजारांचे रुग्ण पाहते आहे आणि त्यातली काही वर्षे संशोधनाच्या प्रयोगशाळेत घालवली आहेत. आधी उत्तर सांगते, कारणे मागून देते. दोन्ही तपासण्या बरोबर असू शकतात. 'थुंकी पॉझिटिव्ह' हे अर्धवट वाक्य आहे. कशासाठी पॉझिटिव्ह, म्हणजे कोणता जंतू, हे कळल्याशिवाय ते पुरे होत नाही. तुमच्या डॉक्टरांची शंका रास्त आहे, पण ती अजून शंकाच आहे. ती खरी ठरेपर्यंत नवे औषध सुरू करण्याची घाई करू नये.

स्लाइडवर काय दिसते तेवढे एकदा नीट समजून घेतले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. काचेच्या पट्टीवर थुंकीचा पातळ थर पसरतात, वाळवतात, त्यावर कार्बोल फुक्सिन हा गडद लाल रंग ओततात आणि खालून वाफ येईपर्यंत ऊब देतात. मग २५ टक्के गंधकाम्लाने ती पट्टी धुतात. बाकी सगळ्या पेशींचा आणि जंतूंचा लाल रंग या आम्लात निघून जातो, पण ज्या जंतूंच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो ते रंग सोडत नाहीत. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या उठून दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू जाहीर केला आणि त्यानंतर लवकरच झील आणि नीलसन यांनी ही रंगवण्याची पद्धत बसवली. आपण आजही तीच वापरतो. ती स्वस्त आहे, तासाभरात उत्तर देते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र तिची एक मर्यादा आहे. मेणचट भिंत ही एकट्या क्षयरोगाच्या जंतूची मिरास नाही. मायकोबॅक्टेरियम या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या एका लहान गटाने क्षयरोग होतो, एक-दोन जातींनी कुष्ठरोग होतो आणि उरलेले भाऊबंद माती, विहिरी, नळ, टाक्या, ओढे अशा ठिकाणी सुखाने नांदत असतात. या उरलेल्यांना मिळून एनटीएम, म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया, असे म्हणतात. स्लाइडवर ते सगळे लालच दिसतात.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले ते एका फजितीमुळे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तपासणी केंद्रावर पावसाळा संपताना अचानक पॉझिटिव्ह स्लाइड वाढल्या. महिनाभरात आम्ही काही रुग्णांना औषधे सुरू केली आणि मनात साथीची धास्ती घेतली. एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे एक कोरी पट्टी घेतली, तिच्यावर थुंकी घातलीच नाही, नुसते रंग दिले आणि नेहमीच्या पाण्याने धुतली. त्या कोऱ्या पट्टीवरही लाल काड्या दिसल्या. विहिरीचे पाणी छपरावरच्या टाकीत जात होते, टाकीच्या तळाशी गाळ साचला होता आणि रंगवताना वापरलेल्या त्या पाण्यातूनच जंतू पट्टीवर उतरत होते. तेव्हापासून ऊर्ध्वपातित पाण्याशिवाय स्लाइड धुवू द्यायची नाही, हा माझा हट्ट आहे. ज्यांना विनाकारण औषधे दिली त्यांची माफी मागायला मी स्वतः गेले होते, आणि त्यांपैकी एका आजींनी मला चहा पाजून परत पाठवले होते.

आता सीबीनॅटकडे वळू. ही तपासणी जंतू डोळ्यांनी पाहत नाही, ती क्षयरोगाच्या जंतूच्या जनुकातला ठरावीक तुकडा शोधते आणि त्याच वेळी रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जंतू दाद देणार नाही का, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात तिला मान्यता दिली. आपल्या शेजारच्या गोव्यात बनणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र त्याच जातीचे आहे आणि वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात ते फार उपयोगी पडते. स्लाइडवर एखादी काडी दिसायची तर एका मिलिलिटर थुंकीत ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात, सीबीनॅटला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणून ज्याची स्लाइड खऱ्या क्षयरोगामुळे पॉझिटिव्ह आहे त्याचे सीबीनॅट साधारण १०० पैकी ९८ वेळा पॉझिटिव्ह येतेच. वडिलांच्या बाबतीत स्लाइडवर जंतू आहेत आणि सीबीनॅटला क्षयरोगाचा जंतू सापडत नाही, याचा सरळ अर्थ असा निघतो की दिसणाऱ्या काड्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर झाल्या होत्या का? सकाळचा घट्ट बेडका स्लाइडला आणि दुपारची नुसती लाळ सीबीनॅटला, असे झाले असेल तर त्या दोहोंची तुलना करण्यात अर्थ नाही.

याची उलट बाजूही सांगते, कारण त्या चुकीनेही पुष्कळ नुकसान होते. बरा झालेला रुग्ण सहा महिन्यांनी सीबीनॅट करून घेतो, ते पॉझिटिव्ह येते आणि घरात रडारड होते. औषधाने मेलेल्या जंतूंचे जनुकद्रव्य फुप्फुसातून बरेच दिवस बाहेर पडत राहते आणि यंत्राला मेलेला आणि जिवंत यांत फरक कळत नाही. म्हणून उपचार लागू पडला का हे पाहायला सीबीनॅट वापरायचे नसते. त्यासाठी स्लाइड आणि कल्चर, म्हणजे थुंकीतले जिवंत जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, लागते.

सुरुवातीला वडिलांचे सीबीनॅट झाले होते का, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे. झाले असेल आणि त्यात क्षयरोगाचा जंतू सापडला असेल, तर त्यांना टीबी होता, तो बरा झाला आणि जुन्या खराब जागेत आता दुसरा जंतू शिरला आहे. झालेच नसेल, तर कदाचित पहिल्या दिवसापासूनच हा एनटीएम होता आणि सहा महिने त्याच्यावर अर्धेमुर्धे लागू पडणारे औषध चालले. या दोन गोष्टींचा पुढचा रस्ता वेगळा आहे. जुने कागद फेकू नका. १९९० च्या दशकातला एखादा एक्स-रे ट्रंकेत पडून असेल तर तोही शोधा. त्या काळातली फिल्म आणि आजची फिल्म शेजारी ठेवली की जो डाग नवा वाटतो तो ३० वर्षांचा जुना व्रण निघतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

एनटीएमला जुने घर फार आवडते. क्षयरोगाने फुप्फुसात पाडलेले पोकळ भगदाड, श्वासनलिका कायमच्या फुगून सैल झालेल्या जागा, चुलीच्या धुराने किंवा विडीने झिजलेले फुप्फुस, दगडाच्या किंवा सिलिकाच्या धुळीने कडक झालेले फुप्फुस, अशा ठिकाणी त्याचे बस्तान बसते. वडिलांचा जुना क्षयरोग आणि गिरणीतली कापसाची धूळ या दोन्ही गोष्टी म्हणूनच मला महत्त्वाच्या वाटतात. जंतू आला कुठून, असे विचाराल तर कोकणात ते सांगणे कठीण आहे, कारण तो चहूकडे आहे. आड, शेवाळलेली टाकी, पाटाचे पाणी, लावणीचा चिखल, यांपैकी कुठूनही उडालेल्या बारीक तुषारांतून तो आत जातो. बहुतेकांना तो काहीही करत नाही.

म्हणूनच थुंकीत एकदा एनटीएम उगवला म्हणजे तो आजार, असे आम्ही मानत नाही. तीन गोष्टी एकत्र लागतात : रुग्णाला त्रास असावा, छातीच्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर त्याला साजेसा बदल असावा, आणि वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या किमान दोन नमुन्यांच्या कल्चरमध्ये तीच जात उगवावी. नळीने फुप्फुस धुऊन काढलेला नमुना असेल तर एकही चालतो. ही कसोटी २००७ पासून जगभर वापरली जाते आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही ती कायम ठेवली आहे. तिचा जाच वाटतो खरा, रुग्ण म्हणतो की जंतू सापडला आहे तर औषध का देत नाही. पण या औषधांचा पल्ला वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि ती सोसणे सोपे नसते, त्यामुळे पाण्यातून आलेल्या पाहुण्यासाठी ती देणे हा अन्याय ठरतो.

मग जात कोणती, हे तर कळायलाच हवे, आणि अनेक ठिकाणी अहवाल नेमका इथेच 'एनटीएम आढळला' असे लिहून थांबतो. ते पुरेसे नाही. कॅन्ससाय नावाची जात क्षयरोगाच्या नेहमीच्या औषधांना बऱ्यापैकी दाद देते, त्यामुळे पूर्वी 'टीबी' म्हणून बरे झालेल्या काही रुग्णांना प्रत्यक्षात हीच जात झाली असेल, असे मला वाटते. एव्हियम गटासाठी अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल एकत्र देतात आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतर आणखी १२ महिने ते चालू ठेवतात. अ‍ॅब्सेसस ही जात सर्वांत चिवट. तिच्यातल्या काही वाणांत एक जनुक असे असते की अझिथ्रोमायसिनसारखे औषध सुरू करताना ते लागू पडेल असे प्रयोगशाळेत दिसते आणि काही दिवसांच्या सहवासानंतर जंतू त्याच औषधाला निर्ढावतो, म्हणून तिची संवेदनक्षमता, म्हणजे ती कोणत्या औषधाला दाद देते हे, १४ दिवस थांबून वाचावी लागते. फॉर्च्युइटम उगवली तर मी आधी पाण्यावर संशय घेते, रुग्णावर नंतर. काही वृद्ध, किरकोळ त्रास असलेल्या रुग्णांत औषध न देता दर काही महिन्यांनी थुंकी आणि एक्स-रे पाहत राहणे हाही उपचारच असतो, आणि तो निर्णय डॉक्टरांनी घेतला तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये.

या ठिकाणी थोडे परखड बोलणे भाग आहे. खोकला बरा होत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या पुन्हा पुन्हा आणून देणे आपल्याकडे सर्रास चालते. एव्हियम गटाविरुद्ध तेच मुख्य हत्यार आहे. एकट्याने दिले की जंतू त्याला सरावतो आणि मग हाताशी फारसे काही उरत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनचे दुखणे वेगळे आहे. ते क्षयरोगाच्या जंतूला थोडे दाबते, रुग्णाला आठवडाभर बरे वाटते, थुंकी निगेटिव्ह येते आणि निदान दोन-तीन महिने पुढे जाते. तोवर घरातली इतर माणसे त्याच हवेत श्वास घेत असतात.

संशोधक काय करतात, या प्रश्नाला मी एका प्लास्टिकच्या डबीपासून सुरुवात करते, कारण आमचे निम्मे आयुष्य तिच्यातच जाते. क्षयरोगाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला साधारण २० तास लागतात, तर आतड्यातल्या साध्या जंतूला त्यासाठी २० मिनिटे पुरतात. म्हणून द्रव माध्यमात कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस आणि घट्ट माध्यमात ८ आठवडे वाट पाहावी लागते. आता कल्पना करा की जुलैच्या महिन्यात मालवणच्या बाजूच्या एका गावातून नमुना निघाला आहे. आशाताईंनी तो सकाळी गोळा केला, तीन आवरणांत बंद केला, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवला. घाटात दरड कोसळली आणि गाडी थांबली. डबीतला बर्फ वितळला की थुंकीतले साधे जंतू वाढू लागतात, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यांनी नमुन्याचा ताबा घेतलेला असतो. ते मारण्यासाठी आम्ही नमुना कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाने धुतो. द्रावण जास्त झाले तर क्षयरोगाचा जंतूही मरतो, कमी पडले तर कल्चर नासते. या दोन्हींच्या मधली वाट शोधणे, किती तासांत आणि किती तापमानाला किती नमुने वाया जातात हे मोजणे, कोणत्या रस्त्याने ते लवकर पोहोचतात हे ठरवणे, हे सगळे संशोधनच आहे. वर्तमानपत्रात ते येत नाही एवढेच.

कल्चर उगवले की त्यावर साधी पट्टी लावून एक प्रथिन शोधतात, जे क्षयरोगाचा जंतू सोडतो आणि एनटीएम सोडत नाहीत. पंधरा मिनिटांत वाटणी होते. पुढे जनुकीय पट्टीवर जात ओळखली जाते. नुसता वाढीचा वेगही खूप सांगतो. सात दिवसांच्या आत उगवले तर तो जलद वाढणाऱ्यांपैकी, म्हणजे अ‍ॅब्सेसस किंवा फॉर्च्युइटमच्या घरातला. आजकाल संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, त्यामुळे दुसऱ्यांदा क्षयरोग झालेल्या माणसाच्या अंगात जुनाच जंतू पुन्हा जागा झाला की मुंबईच्या चाळीतून नवा आला, हेही वेगळे करता येते. आपल्या चाकरमानी घरांसाठी हा प्रश्न पोथीतला नाही.

या पाण्यातल्या भाऊबंदांनी एका मोठ्या प्रयोगावरही सावली टाकली आहे, असे मानले जाते. १९६८ पासून मद्रासजवळच्या चेंगलपट्टू भागात अडीच लाखांहून अधिक लोकांना बीसीजीची लस किंवा लसीसारखेच दिसणारे साधे द्रावण देण्यात आले आणि पुढे १५ वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयरोगापासून लसीने संरक्षण दिले नाही. युरोपात चांगली ठरलेली लस इथे का फसली, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की उष्ण प्रदेशातल्या माणसांचा लहानपणापासून माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियांशी इतका संबंध येतो की शरीराला लसीतून नवे शिकण्यासारखे फारसे उरत नाही. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. लहान बाळांना बीसीजी द्यायची ती मात्र निश्चित द्यायची, कारण मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयरोगापासून ती त्यांना वाचवते.

एनटीएमपेक्षाही ज्याची मला कोकणात जास्त काळजी वाटते असा एक सोंगाड्या आजार आहे, आणि फुप्फुसाच्या प्रश्नात तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. त्याचे नाव मेलिऑयडोसिस. रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली त्याचे पहिले वर्णन केले. त्याचा जंतू भातखाचरांच्या ओल्या मातीत राहतो, पायाच्या जखमेतून, पाण्यातून किंवा वादळी पावसात श्वासातून शरीरात शिरतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला विशेष गाठतो. उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याचे पुष्कळ रुग्ण नोंदवले आहेत. तीच माती, तोच पाऊस आणि तेच भात कारवारच्या अलीकडेही आहे, जंतूला राज्याची सीमा ठाऊक नसते. चित्र असे असते : पन्नाशीचा शेतकरी, साखर वाढलेली, चिखलणी-लावणीनंतर तीन आठवडे ताप, खोकला, वजन घटलेले, एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग किंवा पोकळी. कोणीही टीबीच म्हणेल. थुंकी निगेटिव्ह येते, तरी 'असेलच' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि रुग्ण खालावत जातो, कारण त्या गोळ्या या जंतूचे काही वाकडे करत नाहीत.

यातली खरी खेदाची बाब अशी की हा जंतू उगवायला ४२ दिवस लागत नाहीत. रक्ताच्या किंवा थुंकीच्या साध्या कल्चरमध्ये तो दोन दिवसांत उगवतो. पण दिसायला तो स्यूडोमोनास या नेहमीच्या जंतूसारखा असतो, आणि घाईत असलेली प्रयोगशाळा 'बाहेरचा संसर्ग' म्हणून जंतू वाढवलेली ती बशी टाकून देते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका, अशी सेफ्टी पिनसारखी ठेवण दिसते, आणि वसाहत, म्हणजे बशीवर वाढलेला जंतूंचा ठिपका, जुनी झाली की वाळलेल्या आमसुलासारखी सुरकुतते. निदान झाले तर सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे शिरेतून आणि पुढे को-ट्रायमॉक्साझोल तीन महिने किंवा अधिक, असा उपचार आहे. म्हणून माझी सहकाऱ्यांना विनंती असते की पावसाळ्यात मधुमेही रुग्णाला थुंकी निगेटिव्ह असताना टीबीची औषधे लिहिण्याआधी एक साधे रक्ताचे कल्चर पाठवा आणि नमुन्याच्या कागदावर 'मेलिऑयडोसिसची शंका' हे शब्द लिहा. ते शब्द वाचले की तंत्रज्ञ बशी टाकत नाही.

वडिलांना थुंकीतून रक्त पडते का, हेही मला विचारायचे आहे. जुन्या क्षयाच्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा गोळा वाढतो आणि मग अधूनमधून रक्त पडते. त्यासाठी सीटी स्कॅन आणि रक्ताची वेगळी तपासणी असते, आणि ही बुरशीही 'टीबी उलटला' या नावाखाली वर्षानुवर्षे झाकली जाते.

आता घरातल्या मुलांविषयी. हा एनटीएम असेल तर तो वडिलांकडून नातवंडांना लागत नाही. त्यांना वेगळे झोपवण्याची, वेगळे ताट-पेला देण्याची काही गरज नाही. खरे तर क्षयरोगही ताट-पेल्यातून पसरत नाही, तो हवेतून पसरतो, आणि योग्य औषध लागू पडल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा फैलाव फार कमी होतो. आपल्याकडे पावसाळ्यात पडवीला झाप बांधले जातात, खिडक्या बंद होतात आणि सगळे घर एका खोलीत चुलीशी गोळा होते, तेव्हा खोकणाऱ्याने पडवीत झोपावे आणि खिडकीची एक झडप उघडी ठेवावी, हे औषधाइतकेच मोलाचे आहे. मासेमारीच्या बोटींवर तर ही अडचण दुप्पट असते, कारण आठ-दहा खलाशी एका चिंचोळ्या केबिनमध्ये झोपतात, आणि पावसाळी बंदी लागली की औषध अर्ध्यावर असताना आपापल्या मुलखाला निघून जातात. निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक, सोबत असेल तर त्यांना तिकडच्या केंद्रावरही औषध मिळते, म्हणून तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, तो क्रमांक लिहून ठेवावा असा माझा आग्रह असतो.

सुरुवातीला क्षयरोगाचा जंतू खरोखर सापडला होता असे कागदांवरून निघाले, तर मात्र घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या, आणि लहान मुलांना प्रतिबंधक औषध द्यावे का हे विचारा. त्यांच्या जेवणाकडेही बघा. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरातल्या १०,००० हून अधिक माणसांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये आले. ज्या घरांना दरमहा जादा धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळाली, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. एवढा परिणाम दाखवणाऱ्या लसीची आम्ही कितीतरी वर्षे वाट पाहत आहोत, आणि इथे तो तांदूळ-डाळीने दाखवला. नुसत्या पेजेवर दिवस काढणाऱ्या घरात उकडे तांदूळ असतात, कमी पडते ती डाळ, कुळीथ आणि अंडे.

वडिलांना कुठे ठेवावे लागेल, अशी धास्ती तुमच्या पत्राच्या ओळींमधून दिसते. जुन्या पिढीत 'शिवडीला नेले', म्हणजे मुंबईतल्या क्षयरोगाच्या रुग्णालयात नेले, म्हटले की घर हबकत असे, ते मला माहीत आहे. पण मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने १९५९ मध्येच दाखवून दिले की चांगले औषध मिळाले तर एका खोलीच्या घरात राहून, साधे जेवण जेवून रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना जास्त क्षयरोगही होत नाही. तेव्हा हा क्षयरोग असो की एनटीएम, वडील घरीच राहतील.

पुढच्या आठवड्यात एवढे करा. वेगवेगळ्या दोन किंवा तीन दिवशी, सकाळी उठल्यावर, घराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहून त्यांना दीर्घ श्वास घेऊन खोलवरून खाकरायला सांगा. डबीत लाळ नको, बेडका हवा. एक चमचा झाला तरी पुरे. डबी लगेच केंद्रावर द्या, ते जमत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. कागदावर 'कल्चर, जातीची ओळख आणि औषधांची संवेदनक्षमता' असे लिहून मागा. कल्चरचे उत्तर येईपर्यंत अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, मात्र ताप वाढला, दम लागला किंवा रक्त पडले तर थांबू नका. आणि खाकरण्याआधी चूळ भरायची ती विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्याने नाही, उकळून गार केलेल्या पाण्याने. उकळलेल्या पाण्यातला मेलेला जंतू स्लाइडवर चुकून लाल दिसेलही, पण कल्चरमध्ये तो उगवणार नाही.